सहा पात्यांचा पंखा

मॉरिशसमधल्या रोझ बेलच्या लक्ष्मण मेकॅनिकच्या गॅरेजला चार भिंती होत्या, असं म्हणणं जरा उदारपणाचं होईल. साठ सालच्या वादळात त्याच्या शेडचे सगळे पत्रे उडाले आणि वादळ शमल्यावर उसात जे पत्रे सापडले, ते त्याने आणून ठोकले. त्यांतला एक निळा, दोन तांबडे, आणि एकावर कुठल्याशा दुकानाचं अर्धं नाव. म्हणजे त्याचे पत्रे दुसऱ्याच्या डोक्यावर आणि दुसऱ्यांचे त्याच्या. गावात सगळ्यांचीच अशी अदलाबदल झालेली, त्यामुळे कोणी कोणाला काही विचारत नसे. लक्ष्मणला मात्र पाऊस आला की त्या निळ्या पत्र्याकडे बघून अपराध्यासारखं व्हायचं.

"हा कुणाचा असंल गं?" तो बायकोला, देवकीला विचारी.

"ज्याचा असंल तो आपल्या पत्र्याखाली कोरडा बसला असंल. जेवा आता."

असा हा माणूस. रस्त्यात सापडलेला नटसुद्धा तो आठ दिवस खिशात घालून हिंडायचा, मालक भेटतो का बघत. अशा माणसाच्या छातीवर एक पंखा तीन वर्षं ठाण मांडून बसला. घरात लावतात तो नव्हे. जीपच्या इंजिनापुढे, रेडिएटरच्या पाठीला फिरतो तो.

जीप होती साखरेच्या कोठीची. ऊस, कारखाना, साहेबाचा बंगला आणि बंगल्यातले कुत्रे, या सगळ्याला मिळून आपली माणसं कोठी म्हणत. कोठीचे मॅनेजर देल्माससाहेब, त्यांच्या भाषेत मिस्ये देल्मास, त्या जीपमधून फिरत, आणि ती चालवायचा बलराम, लक्ष्मणच्या धाकट्या बहिणीचा, चंद्रकलाचा नवरा. या नात्याने लक्ष्मण त्याला 'दाजी' म्हणे आणि वयाने लहान असला तरी अहोजाहो करी. जावयाचा मान तो. आजोबा-पणजोबांनी कोकणातून येताना जहाजात बाकी काही फारसं आणलं नव्हतं, पण जावयाचा मान तेवढा न भिजता आणला होता.

बलराम आणि जीप ही दोन वेगळी माणसं आहेत असं गावाला वाटतच नसे. लग्नाचं आमंत्रण त्याला आधी जायचं आणि नवरीच्या मामाला मागाहून. न जाणो, साहेबाने परवानगी दिली आणि जीप घेऊनच आला तर! खाकी टोपी तिरकी घालून, एक हात बाहेर टाकून तो यायचा तेव्हा उसाच्या वाटेवरच्या बायका डोक्यावरचे भारे न हलवता नुसते डोळे वळवून बघत. चंद्रकला त्या वेळी मुद्दाम दुसरीकडे बघायची. बाकीच्यांनी आपण बघत नाही हे बघावं म्हणून.

एकसष्ट सालच्या तोडणीच्या दिवसांत ही जीप तापायला लागली. उसाच्या रानात गाडी हळू चालते, वाळलेल्या पाल्याचा भुसा उडून रेडिएटरच्या जाळीवर बसतो, वारा आत शिरत नाही, आणि मग पाणी उकळतं. त्यातच पंख्याचं एक पातं मुळाशी तडकलं. बलराम जीप घेऊन गॅरेजात आला तेव्हा बॉनेटमधून वाफ येत होती आणि मागे चंद्रकला डबा घेऊन बसली होती. भावाला चपात्या देण्याच्या निमित्ताने तिलाही दोन मैल जीपची सवारी मिळे.

"दादा, पंखा नवाच बसवा," बलराम म्हणाला. "मिस्ये काल म्हणतात, बलराम, ही गाडी आहे का चहाची किटली?"

चंद्रकलाने खाली वाकून जाळीत बोट घातलं आणि मूठभर भुसा ओढून काढला. "ह्ये रोज झाडलं तर नाही का चालायचं? एक केरसुणी ठेवा गाडीत."

दोघे पुरुष यावर मनापासून हसले. इंजिनाला केरसुणी! बलराम तर हसताना मडगार्डावर टेकला आणि गरम लागल्यामुळे लगेच उभा राहिला.

पंखे दोन होते. एक चार पात्यांचा, मूळच्या मापाचा, पोर्ट लुईसच्या दुकानातून मागवलेला. कागदात गुंडाळलेला, सालस, जसा असायला हवा तसा. दुसरा सहा पात्यांचा. तो लक्ष्मणला भंगारात सापडला होता, लष्कराच्या जुन्या ट्रकवरचा. रुंद पाती, नाकासारखा पुढे आलेला मधला भाग. फिरवला तर समोरचं कॅलेंडर भिंतीला चिकटून बसायचं. महिनाभर लक्ष्मण तो पुसून पुसून चकाकवत होता. एखाद्याच्या घरात लग्नाची मुलगी असावी तसं त्याला झालेलं. कुठे तरी एकदा हा द्यायचाच.

दोन्ही पंखे त्याने लावून पाहिले. चार पात्यांचा लावला तर पंखा आणि रेडिएटर यांच्यात दोन बोटं सरळ जात होती. सहा पात्यांचा लावला तर करंगळी जेमतेम, तीही तेल लावून. शिवाय तो घेराने मोठा, त्यामुळे खालपर्यंत यायचा. आता नदी ओलांडताना ड्रायव्हरांचा एक नियम असे: पाणी मांडीपर्यंत असलं तर आधी उतरून पंख्याचा पट्टा काढायचा, म्हणजे पंखा फिरत नाही. गुडघ्याइतकं असलं तर पट्टा राहू द्यायचा, कारण पंख्याला पाणी लागतच नाही. हा मोठा पंखा मात्र गुडघाभर पाण्यातही बुडला असता. आणि फिरता पंखा पाण्यात बुडाला की पाती पुढे ओढली जातात, बोटीच्या पंख्यासारखी. पुढे असतो रेडिएटर, आणि मध्ये एक करंगळी.

हे सगळं लक्ष्मणला ठाऊक होतं. पंचवीस वर्षं हेच केलेलं. हात म्हणत होता चार, मन म्हणत होतं सहा. मन जास्त मोठ्याने म्हणत होतं. कारण मिस्ये देल्मास त्या पंख्याच्या वाऱ्यापुढे उभे राहून 'ब्राव्हो, लक्ष्मण' म्हणताहेत, हे त्याला आठ दिवस दिसत होतं.

अशा वेळी त्याच्या घरात एक रीत होती. देव्हाऱ्यात एक काळा दगड होता. पणजोबांनी गावदेवाचा म्हणून कोकणातून धोतराच्या सोग्यात बांधून आणलेला. चुलतघराणं म्हणे, तो दगड इथलाच, पणजोबांचा बोटीत हरवला होता, आणि मॉरिशसमध्ये काळ्या दगडाची काय वानवा! पण नव्वद वर्षं हळदकुंकू लागलेल्या दगडाला गाव विचारायचं नसतं. अडल्या वेळी त्याला कौल लावायचा. जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून दगडाच्या दोन अंगांना चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. जमीन घ्यावी का, मुलगी द्यावी का, हे सगळं या घराने असंच विचारलं होतं. पंखा कुणी विचारला नव्हता.

लक्ष्मणने आंघोळ केली, पाकळ्या लावल्या आणि हात जोडले. "देवा म्हाराजा, सहा पात्यांचा बसवतो. बरा असला तर उजवी दे."

डावी पडली. ती इतकी पटकन पडली, की देव जणू प्रश्न संपायची वाट बघत होता.

लक्ष्मणला वाटलं, आपलं गाऱ्हाणं नीट झालं नाही. देवाला यंत्रातलं काय कळणार, समजावून सांगायला हवं. त्याने पुन्हा पाकळ्या लावल्या आणि देवाला भुशाबद्दल, वाऱ्याबद्दल, कॅलेंडरबद्दल सविस्तर सांगितलं. देवाने ऐकून घेतलं. डावी पडली.

तिसऱ्या खेपेला लक्ष्मणने डावी पाकळी चांगली निथळती लावली आणि उजवी आपली नुसती टेकवली. ओलावा दाखवल्यासारखा दाखवून. हे त्याने ठरवून केलं असं नाही. मेकॅनिकचा हात, कुठे किती वंगण हे त्याला आपोआप कळतं. उजवी लगेच पडली.

"बघ," तो बायकोला म्हणाला, "उजवा दिला."

"कितव्यांदा?" देवकीने आतून विचारलं.

"दिला ना? आलोर! झालं तर मग!"

शनिवारी बलराम जीप घ्यायला आला. इंजिन सुरू झालं, पंख्याने वारा ओढला आणि बलरामचा हातरुमाल त्याच्या हातातून सुटून जाळीला जाऊन चिकटला. तो लहान मुलासारखा टाळ्या पिटायला लागला. "बोंद्ये! देवा रे! दादा, ही जीप आता उडंल!"

लक्ष्मणला एक वाक्य बोलायचं होतं. ते त्याने सकाळपासून तयार ठेवलं होतं: दाजी, ह्या पंख्याचा गुडघाभर पाण्यातबी पट्टा काढायचा बरं का. आठ-नऊ शब्दांचं तर वाक्य. पण ते बोललं की बलराम विचारणार, का? मग करंगळी सांगावी लागणार. मग तो म्हणणार, मग चारच पात्यांचा का नाही बसवला? लक्ष्मणने तोंड उघडलं, बलरामचं फुललेलं तोंड बघितलं आणि म्हणाला, "सावकाश जा."

सोमवारी मिस्ये देल्मास स्वतः गॅरेजात आले, पंख्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "ब्राव्हो, लक्ष्मण." अगदी दिसलं होतं तसंच. फक्त ऐकताना वाटायला हवं होतं तसं वाटलं नाही.

तीन आठवडे जीप पाण्याच्या घड्यासारखी थंड राहिली. मग वर क्युरपीपच्या पठारावर दोन दिवस पाऊस झाला आणि नदी चढली. फार नाही, गुडघाभर. मिस्ये देल्मासांच्या शेजारी त्या दिवशी लंडनहून आलेला कंपनीचा एक पाहुणा होता, पांढऱ्याशुभ्र कपड्यात. बलरामने काठावर थांबून पाणी बघितलं, गुडघाभरच आहे म्हणून पट्टा राहू दिला आणि जीप घातली. ऐन मध्यावर पुढून आवाज आला, पत्र्यावर करवत चालावी तसा. मग वाफ, आणि मग काहीच नाही. सहाच्या सहा पाती रेडिएटरमध्ये रुतून बसली होती. पांढऱ्या कपड्यातला पाहुणा बलरामने पाठंगुळीला मारून काठावर नेला. अर्ध्या वाटेत त्याचा पाय घसरला. पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

"पट्टा काढला होतास?" मिस्येंनी विचारलं.

"नाही, मिस्ये."

संपलं. दुसऱ्या दिवशी जीपवर दुसरा ड्रायव्हर आला, सत्यदेव नावाचा, आणि बलरामला कोठीने ऊस वाहायला बैलांची शारेत दिली. शारेत म्हणजे आपली बैलगाडी; फ्रेंच नाव असलं तरी बैल तितकेच सावकाश चालतात.

त्याच संध्याकाळी बलराम गॅरेजात आला. टोपी काढून हातात धरलेली.

"दादा, माफी करा."

"मी?"

"तुमी येवढा जीव लावून पंखा बसवला, आन मी त्याचं वाटोळं केलं. पाणी गुडघ्याच्या वरच असणार, मला कमी वाटलं; पट्टा काढायला हवा होता. आळस केला. आदल्या दिवशी दुकानात दोन ग्लास रम जास्त झाली, तिनं डोकं जड होतं. रमनं घात केला, दुसरं काय?"

आत्ता, असं लक्ष्मण मनात म्हणाला. आत्ता सांग. आठ-नऊ शब्द. पण बलराम पुढे बोलतच होता. "तुमच्या देवाच्या पायाशपथ सांगतो, आजपासून थेंब नाही घेणार." आणि तो सरळ घरात जाऊन त्या काळ्या दगडापुढे आडवा झाला. लक्ष्मण दारात उभा राहून बघत होता. त्याला असं वाटलं की दगड बलरामकडे बघत नसून मागे, दाराकडे बघतोय.

तिथून लक्ष्मणचे हात सुटले. शारेतच्या चाकांना त्याने ट्रकची बेअरिंगं बसवली. ती इतकी हलकी झाली, की बैलांना आपल्यामागे काही आहे याचा पत्ता लागेना आणि ते गाडी जोडलेली असतानाच चरायला निघू लागले. बलरामच्या घराचं छप्पर त्याने फुकट ठोकून दिलं. त्याच्या सायकलला दिवा बसवला, मग दुसरा दिवा, मग तीन घंट्या. बलराम ती सायकल घेऊन निघाला की देवळात आरती सुरू झाली असं वाटून म्हाताऱ्या बाहेर येत.

"दादा, तुमच्यासारखा मेव्हणा नशिबानं मिळतो," बलराम म्हणे. आणि लक्ष्मणला वाटे, चौथी घंटा बसवावी.

बलरामने खरंच रम सोडली. संध्याकाळी दुकानाकडे वळणारे पाय घरी वळू लागले. चंद्रकला अंगाने भरली, तिच्या गालांवर रंग आला. ती भावाला म्हणायची, "दादा, जीप गेली त्ये बरंच झालं बघ. माझा नवरा मला मिळाला." म्हणजे ज्या गोष्टीने लक्ष्मणची झोप गेली होती, तीच त्याच्या बहिणीला मिळालेला आशीर्वाद होती. पापाचं फळ असं गोड निघालं की मोठी पंचाईत होते. ते थुंकताही येत नाही आणि गिळवतही नाही. देवाला आंघोळ घालताना लक्ष्मण आता मान वळवून घाली. पाणी निम्मं जमिनीवर जाई.

असं करता करता चौसष्टचा गणपती आला. देवळात आरती झाली, झाकरीचा, म्हणजे कोकणातल्या जाखडीचा, नाच झाला, ढोलकी खाली ठेवली, आणि मंडळाच्या अध्यक्षांनी सांगितलं, "आता आपले बलरामभाऊ व्यसनावर दोन शब्द सांगतील." बलराम उठला. धुतलेला सदरा, केस चापून बसवलेले. दुसऱ्या रांगेत लक्ष्मण बसला होता, हातात मोदक.

"मंडळी," बलराम म्हणाला, "मी कोण होतो तुमाला ठावं हाय. जीप चालवायचो. आज बैल चालवतो. का? कुणी केलं? मी केलं! पाणी गुडघ्याच्या वर व्हतं, पट्टा काढायचा येवढंच काम, आन रमनं माझी अक्कल खाल्ली. माझ्या मेव्हण्यानं, ह्यो बसलाय लक्ष्मणदादा, सोन्यासारखा पंखा बसवून दिला व्हता. त्याच्या कष्टाला मी पाण्यात घातलं. पोरांनो, माझ्याकडं बघा आन शिका!"

टाळ्या पडल्या. शेजारच्याने लक्ष्मणच्या पाठीवर थाप मारली. बलराम गर्दीतून त्याच्याकडे बघून हात जोडत होता, आणि त्याचे डोळे भरले होते. लक्ष्मणच्या हातातला मोदक केव्हा चुरडला गेला ते त्याला कळलं नाही. सारण मनगटावरून खाली येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चंद्रकलाकडे गेला आणि तिला सगळं सांगितलं. करंगळी, कौलाच्या तीन खेपा, गुडघाभर पाणी, गिळलेलं वाक्य. ती तांदूळ निवडत होती. निवडायची थांबली नाही.

"म्हणजे ह्यांची काईच चूक नव्हती?"

"काहीच नाही."

"रमचीबी नाही?"

"नाही गं."

तिने तांदळातला एक खडा उचलून बाहेर टाकला. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "दादा, येक करशील? ह्ये तुझ्यापाशीच ठेव."

"चंद्रे!"

"काय चंद्रे? तीन वर्सं ठेवलंस ना? आनखी तीस ठेव. तुला हलकं वाटावं म्हणून माझ्या घरात पुन्हा बाटली आणणार तू? त्यांना कळलं रमनं काई केलं नाही, तर पयलं कुठं जातील? जीपकडं नाही, दुकानाकडं जातील!"

 लक्ष्मण उठला. दारात तिने पुन्हा विचारलं, "सांगनार?"

"काल दाजी माझी चूक आपल्या डोक्यावर घेऊन सगळ्या गावापुढं उभे व्हते, चंद्रे. माझ्यानं मोदक खाववला नाही."

तिने सूप उचललं. "जा मग," ती म्हणाली. "पण माझ्याकडं बघू नको."

बलराम उसाच्या वाटेवर भेटला. शारेत भरलेली, बैल रवंथ करत उभे. लक्ष्मणने सगळं एका दमात सांगून टाकलं, कौलासकट. तीन वर्षं घोकलेलं होतं, त्यामुळे कुठे अडखळला नाही.

बलरामने विचारलं, "तुमाला म्हाईत व्हतं? बसवताना?"

"व्हय."

"देवानं नाही म्हटलं व्हतं?"

"दोन बारी."

बलराम खाली उतरला. त्याचा हात वर झाला तेव्हा लक्ष्मणने डोळे मिटले. बरंच होईल, असंच त्याला वाटत होतं. पण लक्ष्मणच्या हातात कासरा आला. "धरा," बलराम म्हणाला, आणि उसात निघून गेला.

लक्ष्मण कासरा धरून उभा राहिला. बेअरिंगं त्यानेच बसवलेली, त्यामुळे बैल जरा हलले की शारेत चालू लागे, आणि तो तिच्याबरोबर पुढेमागे ओढला जाई. उसात काही आवाज नव्हता. तासाभराने बलराम बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि सदऱ्याला पाला चिकटला होता.

"चला," तो म्हणाला. "मिस्येंकडं. मी काई बोलनार नाही. तुमीच बोला."

लक्ष्मण शारेतवर मागे, उसाच्या मोळ्यांवर बसला. पुढे बलरामची पाठ होती. कोठीच्या ऑफिसपर्यंतच्या वाटेत ती पाठ एकदाच बोलली. "तीन वर्सं मी रोज रात्री आठवत व्हतो, त्या दिवशी मी कसा चुकलो. रोज." बस्स, एवढंच.

मिस्ये देल्मासांनी चष्मा काढून ऐकलं. मग पुसून पुन्हा लावला. ते म्हणाले, सत्यदेव डिसेंबरात इंग्लंडला चाललाय. जानेवारीपासून जीप बलरामची. आणि लक्ष्मणला म्हणाले, यापुढे कोठीची एकही गाडी तुझ्याकडे येणार नाही. 'ब्राव्हो' या खेपेला नव्हतं. कोठीच्या गाड्या म्हणजे लक्ष्मणच्या निम्म्याहून जास्त कामाला कात्री. पण बाहेर पडताना त्याला एकदम चालणं सोपं झालं. तीन वर्षं तो स्वतःला दिवे आणि घंट्यांची शिक्षा करत होता. आज कुणीतरी नीट शिक्षा केली होती, आणि तीही एका वाक्यात.

बलराम आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी रविवार होता. चंद्रकला आणि तो लक्ष्मणच्या घरी जेवायला आले. चंद्रकला पुढे, तोंड फुगवलेलं. मागे बलराम, आणि त्याच्या हातात रमची बाटली. त्याने ती आणून बरोबर देव्हाऱ्यापुढे ठेवली.

"ही बघ," चंद्रकला भावाला म्हणाली. "झालं तुझं मन हलकं?"

लक्ष्मण भिंतीशी उभा राहिला.  देवकीने आतून परातीचा आवाज केला, तो निष्कारण होता.

बलराम मांडी घालून बसला आणि बाटलीकडे बघत म्हणाला, "मला सांगा, ह्या बिचारीनं काय केलं व्हतं? तीन वर्सं उगाच वाळीत टाकली. गणपतीपुढं तिला शिव्या दिल्या. आता मी प्यावी का न प्यावी?"

"मला काय विचारता?" चंद्रकला.

"तुला नाही. दादांच्या देवाला विचारतो. त्यानं तवा खरं सांगितलं व्हतं, आपल्यातल्या येकानं ऐकलं नाही. मी ऐकीन." तो लक्ष्मणकडे वळला. आठ दिवसांत पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत बघितलं. "लावा कौल. उजवी पडली तर घेतो."

लक्ष्मण पुढे झाला, तशी चंद्रकलाने पदर खोचला. "तू नको. तुझ्या हातावर माझा विश्वास नाही. मी लावते. पण येकदाच! पुन्हा लावायचं नाही, समजावून सांगायचं नाही."

"येकदाच," बलराम म्हणाला.

तिने तांब्यात बोटं बुडवली. जास्वंदीच्या दोन पाकळ्या घेतल्या. डावी तिने दगडाला नुसती टेकवली. उजवी बुडवली, पुन्हा बुडवली, अंगठ्याने दाबून बसवली आणि वर आणखी दोन थेंब सोडले. बलरामचे डोळे मिटलेले होते. तो हात जोडून पुटपुटत होता. लक्ष्मणचे डोळे उघडे होते. मेकॅनिकचा डोळा, कुठे किती वंगण हे त्याला दिसल्याशिवाय राहत नाही.

चंद्रकलाने मान वळवून भावाकडे पाहिलं.

लक्ष्मणला एक वाक्य बोलायचं होतं. तसं छोटंच होतं. त्याने तोंड उघडलं, बहिणीचं तोंड बघितलं, आणि मिटलं.

डावी पडली.

बलरामने डोळे उघडले, पाकळीकडे पाहिलं, एक लांब श्वास सोडला आणि बाटली उचलून देवकीकडे दिली. "वयनी, ही चुलीमागं ठेवा. सांधे धरले की चोळायला व्हईल." मग लक्ष्मणच्या खांद्यावर हात ठेवून उठता उठता म्हणाला, "दादा, जानेवारीत जीप आली की पंखा मी निवडनार. चार पात्यांचा. आन केरसुणी."

लक्ष्मणने मान हलवली. जेवताना त्याच्या पानात बहिणीने न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला, वर तूप ओतलं. तो खाली मान घालून जेवत होता. समोर देव्हारा होता, आणि पाठ करून बसावं तर सगळ्यांना कळलं असतं.